मी त्याला बी म्हणाले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. माहेरी गेले की आईच्या शेजारी निजते, तेव्हा कितीदा तोंडापर्यंत आलं. पण आई म्हणाली असती, एवढंच ना? आणि ते 'एवढंच ना' मला ऐकायचं नव्हतं.

बोलायला मी पहिल्यापासून लाजरी. चार बायकांत बसले तरी माझं बोलणं संपायच्या आत दुसरीचं सुरू होतं. लिहिताना बरं असतं, मध्येच थांबलं तरी कुणी तोंडाकडं बघत नाही. शिक्षण चौथी. शाहूवाडीकडच्या आमच्या वाडीत शाळा तेवढीच होती, पाचवीला ओढा ओलांडून जायचं आणि मुलीला कोण सोडणार? तेव्हा वाक्य कुठं वाकडं झालं तर होऊ दे. तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहिते.

गोष्ट माशांची आहे. म्हणजे — माशांची नाही, पाळलेल्या माशांना घालायच्या खाऊची. वाचून तुम्हाला हसू येईल कदाचित. डोळ्यांना नीट दिसतही नाहीत असले किडे, त्यांच्यावरून एवढं काय? मीही बरीच वर्षं स्वतःला हेच विचारत आले.

आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, पुढं गच्ची. नवरा फौंड्रीत आहे. घर एका जैन कुटुंबाचं. खाली म्हाताऱ्या मालकीणबाई, त्यांचा मुलगा आणि सून. मालकीणबाईंना सगळी गल्ली अव्वा म्हणायची, मीही अव्वाच म्हणत आले. सून म्हणजे पद्मा वहिनी. मुलगा दिवसभर दुकानात, त्यामुळं घरात आम्ही तिघीच.

खोल्या बघायला आलो तेव्हा अव्वांनी भाड्याचं नावच काढलं नाही. पायरीवर बसून मला म्हणाल्या, "आदी येवढं सांग. वर मांसमच्छी, अंडं शिजणार न्हाय न्हवं? आणि मुंग्यांवर पावडर टाकायची न्हाय. मुंग्या झाल्या तर मला हाक मार, मी येऊन काढतो."

"शिजणार न्हाय, अव्वा," मी म्हणाले. हा शब्द मी पाळला. आजपर्यंत पाळला. नवरा रविवारी मित्राकडं तांबडा-पांढरा ओरपून यायचा आणि साबणानं हात धुऊन मगच जिना चढायचा. अव्वा त्याला खालून विचारायच्या, "काय पावणं, आज कुठल्या देवाचा परसाद?" तो मान खाली घालून वर यायचा.

आणि मुंग्या झाल्या की अव्वा खरंच यायच्या. गुडघे दुखत असताना जिना चढून यायच्या, मऊ कुंचा घेऊन मुंग्या कागदावर घ्यायच्या आणि कुंडीत नेऊन सोडायच्या. मागच्या आडाचं पाणी पिण्यासाठी काढायच्या, ते पांढऱ्या दुहेरी फडक्यातून गाळायच्या. नुसतं गाळून झालं नाही. मग ते फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं आणि ते धुण्याचं पाणी बादलीनं पुन्हा आडात सोडायचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, हे कशाला? अव्वा म्हणाल्या, "फडक्यात जे अडकलं ते जिवंत हाय. ते आपल्या घरी गेलं पायजे." फडक्यात मला तर काहीच दिसलं नव्हतं. दिसत त्यांनाही नसणार. डोळ्यांत मोतीबिंदू होता.

हे एवढं का सांगते? कारण मी काय केलं ते समजायला अव्वा समजल्या पाहिजेत.

मासे असे आले. नवऱ्याच्या फौंड्रीतला एकजण गाव सोडून निघाला, त्यानं काचेच्या बरणीतला एक निळा फायटर मासा आमच्याकडं दिला. मला तो आवडला. लेक शाळेत गेली की दिवसभर मी एकटी, तोही एकटा, आणि दोघंही न बोलणारे. मग रंकाळ्याकडच्या रस्त्यावरच्या माशांच्या दुकानातून मी मादी आणली आणि एक काचेची टाकी. नर पाण्यावर फेसाचं घरटं करतो, मादीची अंडी तोंडानं उचलून त्यात ठेवतो, पडलं तर परत उचलतो. अव्वांना मी हे दाखवायला वर बोलावलं. काचेला नाक लावून त्यांनी बघितलं. बारीक काही दिसलं नसणार, पण मी सांगत गेले ते सगळं त्यांनी ऐकलं.

"बाप सांभाळतोय व्हय पोरं?" जिन्याकडं तोंड करून त्या ओरडल्या, "अगं पद्मा, वर येऊन बघ गं. असा एक बाप आपल्या गल्लीत हाय का सांग."

त्या दिवसापासून नराचं नाव पैलवान. दोन नर एकत्र ठेवता येत नाहीत, मारामारी करतात, हे कळल्यावर तर नाव पक्कंच झालं. अव्वा रोज सकाळी बस्तीत दर्शन करून यायच्या, काठी टेकत जिना चढायच्या, आणि विचारायच्या, "पैलवानानं खुराक घेतला का?" बस्ती म्हणजे त्यांचं देऊळ, आमच्या घरापासून चार पावलांवर.

पिल्लं झाली, पण जगेनात. दाण्यांची पूड टाकली तर तळाला बसायची आणि पाणी नासायचं. पिल्लं तिला तोंडच लावत नसत, हलणारं काही असेल तरच ती त्याच्यामागं जातात. रोज सकाळी थोडी मेलेली असायची. दुकानदार म्हणाला, उकडलेल्या अंड्याचा बलक द्या. मी म्हणाले, आमच्या घरात अंडं चालत नाही. तेव्हा त्यानं फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला.

"मग हे न्या. ह्यात पण अंडीच हायत, खरं कोंबडीची न्हवं. मिठाच्या पाण्यात घालायची, हवा सोडायची, एका दिवसात फुटत्यात. आर्टिमिया म्हणायचं ह्याला. पिल्लांचा लई आवडता खाऊ. आणि पिल्लं मोठी झाली की आणा, मी घेतो सगळी."

डब्यात तपकिरी भुकटी होती, नाचणीच्या पिठाहून थोडी जाड. डबा पिशवीत टाकून मी घरी आले. दार उघडलं तर खाली पायरीवर अव्वा.

"काय आणलंस गं?"

आता बघा — खोटं बोलायचं असं काही ठरवून मी आले नव्हते. दुकानापासून घरापर्यंत मी काय विचार करत होते? काहीच नाही. पण तोंडातून जे निघालं ते असं निघालं:

"बी हाय, अव्वा. माशांचं."

"उगवायचं?"

"व्हय."

"म्हंजे मोड आलेलं खात्यात तुझी पोरं. आमाला चालत न्हाय बघ मोडाचं, माशास्नी चालतंय."

आणि त्या हसल्या. मीही हसले. दुकानदारानं अंडी म्हटलं होतं, मी पायरीशी येईतो त्याचं बी केलं. मी चौथी शिकले आहे, पण बी आणि अंडं यातला फरक कळायला चौथीही लागत नाही.

वर जाऊन मी डब्यावरचा कागद पाण्यात भिजवून काढून टाकला. त्यावर किड्याचं चित्र होतं. हे मात्र — हे ठरवून केलं.

बाटली कशी लावायची ते दुकानदारानं नीट सांगितलं होतं. कोल्ड्रिंकची मोठी बाटली बुडाशी कापायची, झाकण घट्ट लावून उलटी टांगायची. पाण्यात जाडं मीठ, पुडीतलं बारीक नाही. वरून भुकटी टाकायची, हवेची नळी तळापर्यंत सोडायची, म्हणजे सगळं खालवर फिरत राहतं. शेजारी दिवा लावून ठेवायचा, ऊब लागते. दुसऱ्या दिवशी पाणी केशरी दिसायला लागतं. मग हवा बंद करायची. टरफलं वर तरंगतात आणि जिवंत असतं ते उजेडाकडं येतं. बाटलीच्या तोंडाशी बॅटरी धरली की सगळं तिथं गोळा होतं — केशरी, झटके देत पोहणारं. मला ते बघायला आवडायचं, हेही सांगून टाकते. उजेड जिकडं, तिकडं ते जायचं. मग नळीनं ते ओढून गाळून घ्यायचं, साध्या पाण्यात धुवायचं आणि ड्रॉपरनं पिल्लांना घालायचं. पिल्लांची पोटं केशरी व्हायची. मरायची थांबली.

फक्त गाळायचं अडत होतं. दुकानातल्या जाळीतून सगळं निसटून जायचं. अव्वांच्या कानावर हे गेलं. दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या त्या हातात पांढऱ्या कापडाचा चौकोन घेऊन. त्यांच्या गाळण्याच्या नव्या कापडातला तुकडा, चारी बाजूंनी शिवून आणलेला.

"हे घे. ह्यातनं काय सुटत न्हाय."

मी तो घेतला. त्यातून काही सुटलं नाही.

पुढं अव्वांना या कामाची गोडीच लागली. त्यांच्यासाठी मी टाकीशेजारी पाट ठेवला. मी बाटलीतलं गाळून, धुऊन, वाटीत घ्यायची. त्या ड्रॉपर मागायच्या. "आण हिकडं, मीच घालतो." थरथरत्या हातानं थेंब थेंब सोडायच्या. पाण्यात केशरी ढग पसरायचा, पिल्लं धावून यायची, अव्वा खूष. "लई खादाड हायत गं. माझ्या पोरानं येवढं खाल्लं असतं तर गंगावेशीच्या तालमीत घातला असता."

मी शेजारी उभी असायची. मला दिसत होतं थेंबात काय आहे. त्यांना दिसत नव्हतं. ज्या हातानं मुंग्या कागदावर उचलून कुंडीत नेल्या, त्याच हातानं — रोज सकाळी, बस्तीतून आल्या आल्या, अंघोळ झालेल्या, ओलेत्या केसांच्या — त्या जिवंत किडे माशांच्या तोंडात घालत होत्या. आणि ते मी घडवलं होतं. मी त्यांना म्हणू शकले असते, राहू द्या अव्वा, मी घालते. कधीमधी म्हणालेही. पण मनापासून? नाही. त्यांचं येणं मला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं रोज, माझ्यासाठी जिना चढून येत होतं.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. होतं तसं सांगते.

मग अव्वांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

त्या दवाखान्यातून आल्या आणि हिरवा चष्मा लावून कितीतरी दिवस खालीच होत्या. त्या दिवसांत एकदा पद्मा वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालायला आल्या. वहिनी शिकलेल्या, शांत, मोजकं बोलणाऱ्या. माझ्या दारातून त्यांना दिवा दिसला, बाटली दिसली. नेमकी मी हवा बंद करून बॅटरी धरून बसले होते. त्या जवळ येऊन वाकल्या.

"शालनताई, हे पोहतंय."

मी बॅटरी विझवली.

"हे किडे आहेत ना?"

"न्हाय वैनी. बी हाय," मी म्हणाले. "बुडबुड्यांनी हलतंय."

हवा बंद होती. बुडबुडे नव्हतेच. त्यांनी नळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कपड्यांची बादली उचलून खाली गेल्या.

संध्याकाळी जेवणं होऊन गेल्यावर — त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवतात — खालून बोलणं ऐकू आलं. वहिनींनी मोबाईलवर काहीतरी शोधून अव्वांना दाखवलं होतं. वहिनींचा आवाज हळू, अव्वांचा मोठा. अव्वांचं तेवढं कळलं:

"ती तसली न्हाय. येवढ्या वर्सात एक शब्द खोटा न्हाय बोलली. उद्या मी सोता बघतो, आता डोळं हायत मला."

मी जिन्याच्या वर उभी होते. तेव्हा खाली जाऊन सांगता आलं असतं. सात-आठ पायऱ्या. अव्वा, ते बी नाही, मला माफ करा, मी बाटली फेकून देते. काय झालं असतं? खोल्या सोडाव्या लागल्या असत्या? कदाचित. अव्वा रडल्या असत्या, प्रायश्चित्त घेतलं असतं, उपास केले असते. हे सगळं मला कळत होतं. मी दार लावून घेतलं.

सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं. बाटली रात्रभर फिरलेली, पाणी केशरी, भरपूर फुटलेलं. बाटली गच्चीत नेऊन ओतून देता आली असती. पण मग अव्वांना दाखवायचं काय? रिकामी बाटली दाखवली असती तर वहिनींचं खरं ठरलं असतं. तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. टक्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. अव्वा पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची चढायच्या.

मी गॅसवरचं आधण उचललं आणि बाटलीत ओतलं. निम्म्याहून जास्त.

एवढं सोपं होतं ते. आवाज झाला नाही, काही नाही. जे झटके देत फिरत होतं ते नुसतं फिरायला लागलं, हवा फिरवील तसं. बाटली एका बाजूनं आकसली. ती बाजू मी भिंतीकडं केली आणि चहासाठी दुसरं पाणी ठेवलं.

अव्वा आत आल्या. मागून वहिनी, त्या उंबऱ्यापाशीच थांबल्या. अव्वांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बाटलीजवळ पाटावर बसल्या. बाटलीला हात लावला.

"गरम हाय गं."

"दिव्यानं, अव्वा."

"ते हवेचं बंद कर बघू."

मी बंद केलं. सगळे थांबलो. बाटलीतलं हळूहळू खाली बसलं, रवा बसावा तसं. एकही हललं नाही. अव्वा किती वेळ बघत होत्या, सांगता येणार नाही. मला वाटलं, आधण पुन्हा उकळून आटून जाईल. मग त्यांनी मान वळवली.

"बघ पद्मा. जीव असता तर पोहला असता. हे तळाला बसलं. बी हाय, बी."

"काल हलत होतं, अव्वा," वहिनी म्हणाल्या. तेवढंच.

"काल बुडबुडं हलत होतं. तुमी शिकलेल्या बायका मोबाईलमधी बघता आणि समोरचं बघत न्हाय."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही. गोंधळून — स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना झाल्यावर माणूस बघतं ना, तसं. मग खाली गेल्या.

अव्वांनी ड्रॉपर मागितला. मी वाटीत काढून दिलं. त्यांनी थेंब सोडले. केशरी ढग पाण्यात उतरला, पिल्लं आली, जवळ येऊन थांबली आणि परत फिरली. मेलेलं ती खात नाहीत.

"आज भूक न्हाय वाटतं पैलवानाच्या पोरास्नी," अव्वा म्हणाल्या. फार आनंदात होत्या त्या. माझ्या पाठीवर हात फिरवला. चहा घेतला — बिनसाखरेचा, त्यांना तसाच लागायचा — आणि काठी टेकत खाली गेल्या.

त्यानंतर मी काय केलं असेल? बंद केलं? नाही. मी वेळ बदलली. अव्वा यायच्या आत पिल्लांना जिवंत घालून घ्यायची आणि अव्वांच्या ड्रॉपरसाठी वाटीभर वेगळं काढून त्यावर गरम पाणी ओतून ठेवायची. म्हणजे खोटं टिकवायला रोज थोडे जास्तीचे मारायची. अव्वा गेल्या की ते मेलेलं तळातून ओढून काढायचं, नाहीतर पाणी नासतं. अव्वांनी बाटलीकडं मात्र पुन्हा कधी निरखून बघितलं नाही. एकदा बघितलं, त्यांचं समाधान झालं होतं.

हे इथंच संपलं असतं तर मी कदाचित लिहिलं नसतं.

भाद्रपदात त्यांचे दहा दिवस असतात, उपासाचे, धर्माचे. ते संपले की एक दिवस असा येतो — सगळे एकमेकांना हात जोडून क्षमा मागतात. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा. लहान मोठ्याला, मोठं लहानाला. अव्वा दरवर्षी मलाही म्हणायच्या. भाडेकरूला, आणि तेही हात जोडून. मला लाज वाटायची, मी त्यांचे हात धरायची.

त्या वर्षी अव्वा आल्या, म्हणाल्या, गेल्या. आणि थोड्या वेळानं पद्मा वहिनी आल्या. एकट्याच. नवं लुगडं, कपाळाला गंध. दारात उभ्या राहून त्यांनी हात जोडले.

"शालनताई, मी तुमच्यावर शंका घेतली. घरात बोलले. अव्वांनी सांगितलं म्हणून आले नाही, माझं मलाच वाटत होतं. मला क्षमा करा."

फळीवर डबा होता. कागद काढलेला. वहिनींच्या खांद्यावरून मला जिना दिसत होता. अव्वा खालीच होत्या, जागच्या जागी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. आणि तो दिवसच तसा होता. त्या दिवशी सांगितलेलं कुणी मनात धरत नाही. त्यांच्या धर्मानं माझ्यासाठी दार उघडून ठेवलं होतं आणि दारात वहिनी हात जोडून उभ्या होत्या.

"असू दे वैनी," मी म्हणाले. "होतं असं कधीतरी."

होतं असं कधीतरी! हे मी म्हणाले. मोठ्या मनानं. वर त्यांचे हात धरून खाली केले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या आहात."

किडे मी मारले, ते एक. अव्वांच्या हातून मारवले, ते दुसरं. पण ज्या बाईनं खरं बघितलं आणि खरं बोलली, तिला मी माफ केलं. हे तिसरं माझ्या घशातून खाली जात नाही.

अव्वांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. शेवटी पडूनच होत्या, मी रोज खाली जाऊन पाय दाबायची. एकदा गल्लीतल्या बायका भेटायला आलेल्या. कुणीतरी म्हणालं, अव्वा, तुमी लई पुण्य केलं. अव्वांना बोलताना धाप लागायची. तरी म्हणाल्या,

"पुण्यबिण्य कुठलं. शिकलो न्हाय, दानबिन लई केलं न्हाय. खरं एक — जाणूनबुजून माझ्या हातनं जीव गेला न्हाय. मुंगीसुदीक." मग माझ्याकडं हात केला. "हिला इचारा. ही साक्षी हाय."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी मान हलवली. होय म्हणून.

जाणूनबुजून — हा त्यांचा शब्द मी पुष्कळ दिवस धरून बसले होते. जाणूनबुजून नव्हतंच ना? मग त्यांचा नेम मोडला नाही. मग काय बिघडलं? मग एक दिवस लक्षात आलं, की तो शब्द त्यांचा होता, माझा नव्हता. मी जाणून होते.

बाटली अजून लावते. आकसलेली टाकून दिली, दुसरी आहे. फडकं मात्र तेच, अव्वांनी शिवलेलं. आत्ता ते गच्चीत दोरीवर आहे. पैलवान कधीच गेला, त्याच्या नातवंडांची पिल्लं आहेत. खाली आता पद्मा वहिनी नळाला फडकं बांधतात, आडाचं पाणी गाळतात. मला बघितलं की हसतात, कधी भाजी पाठवतात. गच्चीवर कपडे घालायला आल्या तरी माझ्या दाराकडं बघत नाहीत, मुद्दाम मान दुसरीकडं ठेवतात, मला वाईट वाटू नये म्हणून. यंदाही त्या दिवशी येऊन हात जोडून गेल्या.

त्या सकाळच्या आदल्या दिवशी वहिनींनी जे बघितलं, ते हलत होतं. बुडबुड्यांनी नाही.